बाणाखालची जागा

या यंत्राला बाण येत नाही.
दुसऱ्या यंत्रांत बाणासाठी वेगळी काच असते,
तो चित्रावरून माशीसारखा फिरतो, चित्राला पत्ताही नसतो.
आमच्या प्लस-फोरमध्ये तसलं काही नाही.
इथे बाण काढायचा तर आधी
त्याच्याखाली काय आहे ते उचलून बाजूला ठेवायचं,
मग बाण काढायचा,
तो हलला की ठेवलेलं होतं तसं परत मांडायचं.
सेकंदाला पन्नास वेळा.

झोंबोर पेचहून फोनवर म्हणतो,
बोग्लार्का, बाण सोड, कळांवर भागव.
नेटवर्कचं कार्ड त्याने सोल्डर करून दिलंय,
त्याला बोलायचा हक्क आहे.
मी हो म्हणते, आणि बाण ठेवते.

दिवसा मी मिश्कोल्त्समध्ये गॅसचे मीटर वाचते.
लोकांच्या तळघरांत उतरते,
बटाट्याचं पोतं सरकवते, सायकल सरकवते,
एका घरी पाळणा, कधीच न वापरलेला,
आकडा लिहून घेते
आणि सगळं जागच्या जागी ठेवून वर येते.
काय पाहिलंत, कुणी विचारलं तर: आकडा.

सुरू केलं की यंत्र सांगतं,
साठ हजार सहाशे एकाहत्तर बाइट मोकळे.
केवढी ऐट!
दोन खोल्यांच्या घराने अख्ख्या गावाला जेवायला बोलवावं तशी.
आणि गाव येतंही.
एका बेकरीचं पान मागवलं:
पाव दिसायच्या आधी तीन लाख बाइट दारात,
सरकणारे मथळे, परवानगीच्या पाट्या,
आणि मी कोण, कुठली, किती वयाची, याची चौकशी.
सगळ्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं.
आत आलं ते एवढंच:
खसखशीचा रोल. सोमवारी बंद.

अक्षरं मीच घडवली, आठ बाय आठच्या चौकटीत.
आमच्याकडे एक स्वर आहे,
ओठ गोल करून 'ई' म्हणावं तसा.
ऱ्हस्व असेल तर डोक्यावर दोन ठिपके,
दीर्घ असेल तर दोन तिरप्या रेघा.
माझ्या अक्षराच्या डोक्यावर जागा उरते एक ओळ.
एका ओळीत ठिपकाही ठिपका, रेघही ठिपकाच.
तीन आठवडे घालवले. मग म्हटलं,
कोण बघतंय.

रविवारी यंत्र पिशवीत घालून वृद्धाश्रमात नेलं,
स्यूच वेंडेल सरांकडे.
याच यंत्रावर त्यांनी आम्हा सात मुलींना
पहिली आज्ञा लिहायला शिकवली होती.
जेवणघरातल्या जुन्या टीव्हीला जोडलं.
काय बघायचं, सर?
म्हणाले, हवामान.
खिडकी त्यांच्या खांद्याशीच होती, बर्फ पडत होता.
चार मिनिटांनी पडद्यानेही कबूल केलं: बर्फ.

मग शाळेचं पान, फोटोसकट.
पंधरा रंग, प्रत्येकाच्या आठ छटा, आणि एकटा काळा;
एवढ्यात शाळा बसवायची.
आधी आभाळ, मग कौलं,
वरच्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत सर झोपले.
मी बाण हलवला नाही.
कुणीतरी टेबलावरचे चमचे गोळा करून नेले.
अकराव्या मिनिटाला पायऱ्या आल्या, पायऱ्यांखाली
माजी शिक्षकांची नावं.

सर जागे झाले.
स्वतःच्या नावाकडे खूप वेळ बघत राहिले.
मला वाटलं, आता डोळे भरतील;
मी रुमाल शोधायला लागले.
त्यांनी काचेवर बोट टेकवलं:
"ऱ्हस्व काढलायस. मी दीर्घ आहे."

परतीच्या बसमध्ये तिकिटाच्या मागे
आठ बाय आठ घरं आखली.
अक्षराचं पोटच एक ओळ खाली दाबलं
तर डोक्यावर दोन ओळी सुटतात.
बुटकं दिसेल.
दिसू दे.